जेसीच्या जागी जेसिका ठेवून बघा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लक्षात येईल. कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये तुम्ही ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’चा दुसरा भाग, ‘फ्रेडीज रिव्हेंज’, दाखवलात. तुम्हाला तो पहिल्या अर्ध्या तासातच एका गे मुलाची गोष्ट वाटला. मित्र म्हणाले, तू नको तिथे नको ते शोधतोस. चाकूसुऱ्यांच्या सिनेमाचा दुसरा भाग, त्यात कसलं आलंय मानसशास्त्र! आता तुम्हाला कुणीतरी निकाल द्यायला हवाय, की हा अर्थ सिनेमात आहे की तुमच्या डोक्यात.

मी गेली २० वर्षं पटकथा शिकवते आणि एका फिल्म सोसायटीसाठी सिनेमे निवडते. निकाल देईन, पण आधी गुंता सोडवू. तुमच्या भांडणात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत: लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, पडद्यावर प्रत्यक्षात काय आहे, आणि बघणारा घरून काय घेऊन आला होता. तिन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात. या सिनेमाच्या बाबतीत तशी ती आलीच आहेत.

‘सबटेक्स्ट’, म्हणजे न बोलता आडून सुचवलेला अर्थ, हा शब्द ऐकला की मुलं बिचकतात. मी वर्गात सांगते, आपल्याकडे याला जुनं नाव आहे: लेकी बोले सुने लागे. बोलायचं लेकीला, लागायचं सुनेला. आणि सून जाब विचारायला आली की सासू म्हणणार, ‘अगं, मी तुला कुठे काय बोलले?’ ही शेवटची पळवाट महत्त्वाची. हॉलिवूडमध्ये १९३४ ते १९६८ पर्यंत जी आचारसंहिता चालली, तिच्यात १९६१ पर्यंत समलैंगिकतेचं चित्रणच मना होतं. त्यामुळे तिथल्या लेखकांच्या दोनतीन पिढ्या या सासूच्या शाळेत शिकल्या. आचारसंहिता गेली, सवय राहिली.

आता सिक्वेलकडे. पहिल्या भागाचं सगळं भांडवल म्हणजे धक्का: मारेकरी कोण, तो येतो कुठून, मारतो कसा. दुसऱ्या भागाच्या तिकिटाला रांगेत उभ्या असलेल्याला हे सगळं पाठ असतं. वेस क्रेव्हनचा पहिला ‘नाइटमेअर’ नोव्हेंबर १९८४ चा; त्यातला मारेकरी फ्रेडी, बोटांना सुऱ्या लावून पोरांना स्वप्नात गाठून मारणारा. न्यू लाइन ही तेव्हाची लहानशी कंपनी त्याच्यावर उभी राहिली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, १ नोव्हेंबर १९८५ ला, तिनं दुसरा भाग थिएटरात आणला. क्रेव्हन त्यात नव्हता. दिग्दर्शन जॅक शोल्डरचं, पटकथा डेव्हिड चॅस्किनची. अशा घाईत, धक्का संपलेला असताना, लेखकाकडे उरतं काय? इतक्या वर्षांत अशा पटकथा वाचून माझं मत झालंय की तीनच वाटा उरतात. आपलीच टिंगल करायची, कुणाच्या तरी डोक्यात शिरायचं, नाहीतर बळीच्या जागी कुणी अपेक्षिलं नसेल असं माणूस उभं करायचं. विडंबन, मानसशास्त्र आणि तुम्हाला दिसलेला तो क्वीअर धागा, हे तिन्ही एकाच अडचणीतून निघतात. म्हणून तुमच्या मित्रांचं ‘दुसरा भाग आहे’ हे वाक्य मला पटत नाही. दुसरा भाग असल्यामुळेच तर हे सगळं वर येतं.

आता पडद्यावर काय आहे ते बघू. वर्गात मी एक साधी युक्ती वापरते. सिनेमाचा नायक जेसी, त्याच्या जागी जेसिका ठेवा आणि गोष्ट पुन्हा सांगा. एक मुलगी नव्या गावात येते. ज्या घरात आधीच्या सिनेमातली मुलगी राहत होती त्याच घरात राहते. रात्री तिच्या खोलीत एक पुरुष येतो आणि तिच्या शरीरावर हक्क सांगतो. शाळेतला एक दांडगट मुलगा आधी तिला छळतो, मग तिचा मित्र होतो. पीटीच्या सरांची नजर चांगली नाही. शेवटी घाबरून ती रात्री त्या मित्राच्या खोलीत जाते आणि म्हणते, मला इथे झोपू दे, माझ्यावर लक्ष ठेव. झालं, अगदी नेहमीचा स्लॅशर, म्हणजे एकेकाला चिरत जाणाऱ्या मारेकऱ्याचा सिनेमा. कुणाची भुवईसुद्धा वर जाणार नाही. चॅस्किननं मुलीसाठी राखलेली जागा जशीच्या तशी ठेवली आणि तिथे मुलगा बसवला; ती भूमिका केली मार्क पॅटननं. नाव दिलं जेसी, मुलालाही चालणारं आणि मुलीलाही.

त्या जागेला पुढे नाव मिळालं ‘फायनल गर्ल’, शेवटपर्यंत जिवंत राहणारी मुलगी. कॅरल क्लोव्हरनं ते १९८७ च्या निबंधात वापरलं. बाई मूळच्या मध्ययुगीन स्कँडिनेव्हियन साहित्याच्या अभ्यासक, म्हणजे शेवटपर्यंत तगून राहणाऱ्यांच्या रक्ताळलेल्या कहाण्या त्यांना नव्या नव्हत्या. त्यांचा मुद्दा असा की थिएटरातली पोरं त्या शेवटच्या मुलीच्या आडून भीती अनुभवतात. मुलगी किंचाळते, मुलगा सुखरूप बसून घाबरतो. ‘फ्रेडीज रिव्हेंज’नं नेमका हा आडोसा काढून घेतला. पडद्यावर मुलगाच किंचाळतो, तोही जिवाच्या आकांतानं आणि चिरक्या आवाजात. या सिनेमावर पोरं चिडली त्याचं मोठं कारण मला हे दिसतं. फ्रेडी स्वप्न सोडून दिवाणखान्यात आला म्हणून नियम मोडले, ही तक्रारही खरी आहे, पण तिच्यात एवढी धग नाही.

दुसरी युक्ती उलटी आहे. तो अर्थ काढून टाका आणि प्रसंगाला दुसरं काही कारण उरतं का ते पाहा. जेसी रात्री उठून चालत चालत एका लेदर बारमध्ये, म्हणजे चामडी पोशाखाच्या शौकिनांच्या, मुख्यतः गे मंडळींच्या बारमध्ये जातो. कशासाठी? कथानकाला त्या बारची काडीचीही गरज नाही. तिथे त्याला पीटीचे सर श्नायडर भेटतात. ते त्याला शाळेत नेऊन व्यायामशाळेत पळायला लावतात. मग कपाटातले बॉल आपोआप उडायला लागतात, उड्या मारायच्या दोऱ्या सरांना बांधून शॉवरखाली ओढत नेतात, उघड्या अंगावर टॉवेलचे फटके बसतात आणि शेवटी फ्रेडीचा पंजा. हे सगळं भुताच्या हिशेबात बसवून दाखवा, मी क्लबला चहा पाजीन. (बारमध्ये गल्ल्यामागे दिसतो तो न्यू लाइनचा मालक रॉबर्ट शे. तेव्हा कंपनीला पत्ताच नव्हता असं कुणी म्हटलं तर मला हसू येतं.)

इथे तुमच्या मित्रांनी एक गोष्ट मान्य करायला हवी. सर अशा बारमध्ये जातात आणि त्यांना देखणी पोरं आवडतात, हे ग्रेडी, म्हणजे आधी छळणारा आणि मग मित्र झालेला तो मुलगा, जेसीला स्पष्ट शब्दांत सांगतो. म्हणजे सरांच्या बाबतीत सबटेक्स्ट वगैरे काही नाही, तो चक्क संवाद आहे. झाकलेलं आहे ते जेसीचं. ज्याच्याबद्दल उघड बोललं गेलं तो मरतो, तेही हास्यास्पद करून. ज्याच्याबद्दल बोललं गेलं नाही तो नायक राहतो. वर्गात हा प्रसंग लावला की टॉवेलच्या पहिल्या फटक्याला हशा ठरलेला. मी तिथेच थांबवते आणि विचारते, कशाला हसलात? बॉल उडाले तेव्हा का नाही हसलात? दोनतीन मिनिटं कुणी बोलत नाही. त्या शांततेतून मुलांना जे कळतं ते माझ्या व्याख्यानातून कळत नाही.

आता लेखकाच्या मनात काय होतं. चॅस्किन अनेक वर्षं हात झटकत राहिले. आपण असं काही लिहिलं नव्हतं, ते नटाच्या अभिनयातून आलं, असा त्यांचा सूर. शेवटी २०१० च्या ‘नेव्हर स्लीप अगेन’ या माहितीपटात त्यांनी कबूल केलं की ते जाणूनबुजून लिहिलं होतं. प्रेक्षक मुख्यतः किशोरवयीन मुलगे, आणि त्या वयात मुलाला ‘आपण तसे तर नाही ना’ ही भीती कुरतडत असते. तिचाच भयपट करावा, असा तो विचार. विचार म्हणून मला तो उत्तम वाटतो. ताकाला जाऊन भांडं लपवलं, हे मात्र वाईट. दिग्दर्शक शोल्डर म्हणतात की आपल्या तेव्हा हे लक्षातच आलं नाही. तेही खरं असू शकतं. कागदावर असलेली गोष्ट दिग्दर्शकाला दिसली नाही, असे नमुने मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

लपवलेल्या भांड्याची किंमत मोजली मार्क पॅटननं. तो स्वतः गे होता आणि धंद्यात ते झाकून काम करत होता. सिनेमा आल्यावर जो तो त्याच्या आवाजाकडे, त्याच्या नाचाकडे बोट दाखवू लागला आणि लेखकानं ते बोट त्याच्यावरच राहू दिलं. काळही कुठला, तर जुलै १९८५ मध्ये हॉलिवूडचा प्रसिद्ध नट रॉक हडसनला एड्स झाल्याचं जाहीर झालं होतं, २ ऑक्टोबरला तो गेला आणि महिन्याच्या आत हा सिनेमा लागला. पॅटननं पुढे अभिनय सोडला आणि तो मेक्सिकोत जाऊन राहिला. २०१९ च्या ‘स्क्रीम, क्वीन!’ या माहितीपटात तो चॅस्किनसमोर बसून हे सगळं विचारतो. तुम्ही क्लब चालवताय, तर हा माहितीपट मिळवाच. सबटेक्स्ट म्हणजे हुशार प्रेक्षकांचं कोडं, एवढंच मीही बरीच वर्षं मानत होते. तो पाहिल्यावर माझा वर्ग घेण्याचा क्रम बदलला. आता मी आधी विचारते, ही मूठ झाकलेली राहिली तर कुणाची सव्वा लाखाची आणि उघडली तर कुणाची.

तिसरा प्रश्न बघणाऱ्याचा. जेसी ग्रेडीला सांगतो की काहीतरी माझ्या शरीरात शिरू बघतंय. हे वाक्य हडसन जायच्या कितीतरी आधी कागदावर आलेलं. पण नोव्हेंबर १९८५ मध्ये तिकीट काढून बसलेल्या माणसाला ते कसं ऐकू आलं असेल? तो अर्थ लेखकाचा नाही, तरी खोटाही नाही. माझ्या सोसायटीच्या एका खेळानंतर पन्नाशीतले एक सभासद मला म्हणाले, ‘तो खोली आवरताना एकटाच नाचतो आणि दार उघडून आई त्या मुलीला घेऊन उभी राहते ना, तेवढंच मला पुरे. पुढचा फ्रेडी नसता तरी चाललं असतं.’ यावर वाद घालायला काही जागा आहे का, सांगा.

मग हा सिनेमा सहानुभूतीचा की अपमानाचा? इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे आणि मी ते ओढून ताणून सरळ करणार नाही. शेवटाकडे जेसीची मैत्रीण लिसा त्याचा ताबा घेतलेल्या फ्रेडीच्या ओठांवर ओठ टेकते आणि तिच्या प्रेमानं जेसी ‘सुटतो’. हे सरळसरळ ‘पोरीच्या नादाला लागला की सुधारेल’ छापाचं आहे, आपल्याकडच्या ‘लग्न लावून द्या, येईल ताळ्यावर’ची अमेरिकन बहीण. पण त्यानंतर शाळेच्या बसचा प्रसंग येतो. सगळं आलबेल असताना फ्रेडीचा पंजा पुन्हा बाहेर पडतो. का? कारण कंपनीला तिसरा भाग काढायचाय. स्लॅशरच्या धंद्याचा नियमच असा की राक्षस मरता कामा नये. त्या धंदेवाईक नियमामुळे जेसीचा ‘इलाज’ फुकट जातो. लेखकाची हिंमत जिथे संपली तिथून पुढे बाजारानं काम केलं. ही गंमत मी दुसऱ्या कुठल्या चित्रप्रकारात पाहिलेली नाही.

(जाता जाता: आपल्याकडे रामसे बंधूंनी ‘महाकाल’मध्ये फ्रेडी आणला, आणि उचलला तो मुख्यतः पहिला भाग.)

तुम्ही विडंबनाबद्दलही विचारलंय, ते जरा भरभर सांगते. १९८६ चा ‘टेक्सास चेनसॉ मॅसेकर २’ हा याचा मासला. टोबी हूपरला वाटत होतं की पहिल्या भागातला विनोद लोकांना कळलाच नाही, म्हणून दुसऱ्यात त्यानं तो ढोल बडवून सांगितला. माणसं कापणाऱ्या घराण्याचा कर्ता पुरुष मिरचीमटणाच्या स्पर्धेत बक्षीस मिळवतो आणि लहान धंदेवाल्याला कुणी विचारत नाही म्हणून कुरकुरतो. ही रेगन यांच्या काळातल्या अमेरिकेची थट्टा आहे. मला त्यातलं एक वाक्य त्याहून महत्त्वाचं वाटतं. करवत चालवणाऱ्या लेदरफेसचा एका मुलीवर जीव जडतो, तेव्हा तो कर्ता त्याला सुनावतो की वासना आणि करवत यातलं एक निवड. वासनेचं काय कुणाला कळलंय, करवत म्हणजे आपलं कुटुंब. अख्ख्या स्लॅशर प्रकाराचं मानसशास्त्र एका खाटकाच्या तोंडी. पुढे ‘स्क्रीम २’नं (१९९७) तर वर्गात बसून सिक्वेल कसे फसतात याची चर्चाच घडवली, पण ती मला आता जरा स्वतःवर खूश असलेली वाटते. त्याची सुरुवात मात्र अजून धारदार आहे: थिएटरात आलेली एक कृष्णवर्णीय मुलगी म्हणते की या सिनेमांत आमची माणसं नसतातच, आणि थोड्याच वेळात तिथेच मारली जाते.

मानसशास्त्रासाठी ‘सायको २’ (१९८३) बघा, आणि सावकाश बघा. मूळ १९६० च्या सिनेमात शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ येऊन खुनी नॉर्मन बेट्स आईचे कपडे का घालायचा हे समजावून देतो. तो ‘बाईचा वेष घेणारा’ आहे का, या प्रश्नाला तो ‘अगदी तसं नाही’ असं उत्तरही देतो. पण लोकांच्या डोक्यात साडी नेसलेला पुरुष म्हणजे खुनी, अशा जातीचं समीकरण बसायचं ते बसलंच. दुसऱ्या भागात २२ वर्षांनी नॉर्मन बरा होऊन सुटतो. अँथनी पर्किन्स त्याला असा रंगवतो की आपण श्वास रोखून म्हणतो, याला जगू द्या. आणि आईचे कपडे घालून, आईच्या नावानं चिठ्ठ्या आणि फोन करून त्याला पुन्हा वेडा करायला निघतं कोण? पहिल्या भागातल्या बळीची बहीण आणि भाची. शहाणी, दुखावलेली, न्याय मागणारी माणसं. तो वेष आता भल्या घरच्यांच्या अंगावर चढलाय. ‘वेड’ कुणाचं, हा प्रश्न दिग्दर्शक रिचर्ड फ्रँकलिननं एकही व्याख्यान न देता उलटा करून ठेवला. सिक्वेलनं मूळ सिनेमाचं ऋण फेडावं ते असं.

आणि सबटेक्स्टची गरजच संपली की काय होतं, ते ‘सीड ऑफ चकी’त (२००४) दिसतं. डॉन मॅन्सिनी हा उघडपणे गे असलेला लेखक पहिल्यापासून चकी बाहुल्याच्या गोष्टी लिहीत आला, आणि इथे पहिल्यांदा दिग्दर्शनालाही बसला. चकी आणि टिफनी या खुनी बाहुल्यांना मूल आहे. ते मुलगा की मुलगी, हे बाहुलीच्या शरीरावरून ठरत नाही. बापाला मुलगा हवाय, तो ग्लेन म्हणतो; आईला मुलगी, ती ग्लेन्डा म्हणते. दोघं खून सोडायचाही प्रयत्न करतात, दारू सोडणाऱ्यांच्या पायऱ्या पाळून. टिफनी तर एका बळीच्या विधवेला फोन करून माफी मागते. सिनेमा उधळलेला आहे, निम्मे विनोद फसतात आणि पहिल्या भागाचे भक्त अजून रागात आहेत. पण लेकीला बोलून सुनेला लावायचा उद्योग तिथे बंद झालाय. जे म्हणायचं ते मोठ्यानं म्हटलंय. मला तो ‘फ्रेडीज रिव्हेंज’पेक्षा कमी भीतिदायक आणि जास्त मोकळा वाटतो, आणि शिकवायला मात्र कमी उपयोगी. झाकलेल्या गोष्टीवर दोन तास बोलता येतं, उघडीवर नाही.

एक सावधगिरी. ही दृष्टी एकदा आली की सगळीकडेच तेच दिसायला लागतं. मुखवटा घातलेला प्रत्येक पुरुष आपलं गे असणं लपवत नसतो. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’चा सहावा भाग, १९८६ चा ‘जेसन लिव्ह्ज’, चांगला मिश्कील सिनेमा आहे, स्वतःला हसतो, पण माझ्या दोन्ही युक्त्या लावल्या तर हाती काही लागत नाही. तिथे गप्प बसावं. तुमचे मित्र तुम्हाला टोकतायत ते या सिनेमाबद्दल चूक असले तरी सवय म्हणून वाईट नाही.

तर निकाल: तुमचा अर्थ पडद्यावर आहे, लेखकानं तो ठेवला होता हे त्यानं उशिरा का होईना मान्य केलंय, आणि त्यात तुमचं स्वतःचं जे काही मिसळलं असेल त्याबद्दल कुणाला हिशेब द्यायची गरज नाही.

पुढच्या बैठकीत पूर्ण सिनेमा पुन्हा लावू नका. फक्त जेसी रात्री ग्रेडीच्या खोलीत येतो तो प्रसंग घ्या. आधी आवाज बंद ठेवून दाखवा आणि मित्रांना विचारा, या दोघांत कोण कशाला घाबरलंय. उत्तरं फळ्यावर लिहून ठेवा. मग आवाज लावून तोच प्रसंग परत. ती मुलगी तिकडे तुझी वाट बघतेय आणि तुला माझ्या खोलीत झोपायचंय, असं ग्रेडी म्हणतो, त्या वेळी पडद्याकडे पाहू नका. मित्रांच्या तोंडाकडे पाहा.